खरी बोहणी

अड्यारच्या सिग्नलला गाड्या माणसांसाठी थांबत नाहीत, माणसंच गाड्यांसाठी थांबतात, हे त्रिपुरसुंदरीला लग्न होऊन या शहरात आल्यापासून ठाऊक होतं. म्हणून त्या सकाळी कीरैची, म्हणजे पालेभाजीची, जुडी आणि चार वांगी पिशवीत घेऊन ती कडेला उभी असताना, हिरवा दिवा लागलेला असूनही एक लांब पांढरी गाडी तिच्यासाठी थांबली, तेव्हा तिला आधी वाटलं की गाडी बंद पडली असावी. मागच्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. गाडी हलली नाही. काचेआडच्या ड्रायव्हरनं दोन्ही हात जोडले, मान जराशी लववली आणि त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण ते आपलंच नाव होतं अशी तिची खात्री पटली. ती मुकाट्यानं रस्ता ओलांडून गेली आणि पलीकडे पोचल्यावर तिनं वळून पाहिलं. गाडीवर कसलंच नाव नव्हतं. फक्त कोपऱ्यात हळदीच्या रंगाचं छोटं पान होतं, मानाजी समूहाचं. आणि मागच्या बाजूला, जिथं खिडक्या असायला हव्यात, तिथं खिडक्या नव्हत्या.

दूधगाडी असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मानाजीचं दूध होतंच की. दूध होतं, साबण होता, पापड होते, भांडी होती, स्कूटर होती, विमा होता, शाळा होती, इस्पितळ होतं. ती राहत होती ती इमारतही मानाजीचीच. सकाळी दात घासायला घेतल्यापासून उशीवर डोकं टेकेपर्यंत त्या हळदीच्या पानाखालून सुटका नव्हती. ही तक्रार बाकी सगळ्या चेन्नईनं करावी, तिनं करू नये, कारण या पसाऱ्याला पहिला हात तिचाच लागला होता. गिरीधर, तिचा नवरा, होता तेव्हा थट्टेनं म्हणायचा की तुझ्या मानाजीनं माणसाला पाळण्यापासूनच धरलंय, आता कुठं जाऊन थांबतो ते बघू. ती थट्टा नेमकी आत्ता, रस्त्याच्या कडेला का आठवावी हे तिला कळेना. पिशवीचा बंद उजव्या तळव्यात रुतत होता. तिनं पिशवी डाव्या हातात घेतली आणि सवयीनं उजवा तळवा नाकाशी नेला. हिंगाचा वास होता. एकटीच्या स्वयंपाकात ती हल्ली हिंग घालत नसे, तरी तो वास तिथून कधी गेलाच नव्हता. साबण मानाजीचा होता म्हणून असेल, असा एक चावट विचार तिच्या मनात आला, पण हसू आलं नाही.

तिरुवल्लिकेणीच्या ज्या गल्लीत ती नवी नवरी म्हणून उतरली, तिथं वरच्या मजल्यांवर एकट्या पुरुषांची मॅन्शनं होती आणि खाली दुकानं. त्यांतल्या एका बोळकांडीएवढ्या गाळ्यात तंजावरहून आलेल्या मानाजी रावानं हिंगाचं दुकान मांडलं होतं. पहिला दिवस होता. दुपार कलली तरी गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, आणि बोहणी झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही हा त्याच्या घरचा नेम, तेव्हा तो बापडा कोरड्या घशानं बसून स्वतःशीच मराठीत पुटपुटत होता. आपली भाषा कानावर पडली म्हणून ती थबकली. हिंग तर तिला हवाच होता. तिनं उजव्या हातानं रुपया त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो डोळ्यांना लावला आणि आधी घटाघट पाणी प्यायला. दिवेलागणीपर्यंत दुकानातला हिंग संपला. दुसऱ्या दिवशी गल्लीतले लोक म्हणू लागले की या राव अम्माला, मराठी बाईला ते असंच म्हणत, कैरासी आहे. मराठीत त्याला हातगुण म्हणतात, आणि ज्याच्या हाताला तो असतो त्याला तो आहे हे दुसऱ्यांनीच सांगावं लागतं. तिला सांगितलं तेव्हा ती विशीची होती, आणि जन्मात पहिल्यांदा कुणी तिच्यात काही आहे असं म्हटलं होतं. ती खूष झाली. फार खूष झाली.

पुढं मानाजीनं सांबाराची पूड करायला घेतली तेव्हा तो बायकोला घेऊन, ताट घेऊन तिच्या दारात आला. ताटात हळदकुंकू, मोगऱ्याचा गजरा, नारळ, खण आणि मधोमध विडा. तेव्हापासून नेमच पडला. नवा धंदा कुठलाही असो, पहिली बोहणी सुंदरीच्या हातची. त्या नेमाला तीन अटी होत्या, आणि मानाजी त्या देवाच्या आज्ञेसारख्या पाळी. धंदा कसला आहे ते बोहणी होईपर्यंत सांगायचं नाही, सांगितला की दृष्ट लागते. विडा एकदा उचलला की परत ठेवायचा नाही. आणि विकत घेतलेली वस्तू त्याच दिवशी खरोखर वापरात आली पाहिजे. खोटी बोहणी म्हणजे देवापुढं रिकामं ताट ठेवणं, असं तो म्हणे. तिला ही तिसरी अट सगळ्यांत आवडायची. पूड घेतली त्या दुपारी तिनं सांबार केलं आणि घाम फुटेपर्यंत खाल्लं. स्कूटर घेतली त्या संध्याकाळी गिरीधर तिला मागं बसवून मरीनापर्यंत घेऊन गेला, आणि वाळूत चाक रुतून दोघं पडली, आणि पडल्या पडल्या हसत राहिली. बंदराच्या ऑफिसातला कारकून माणूस तो, एरवी सहसा हसायचा नाही. शाळा निघाली तेव्हा पहिली विद्यार्थिनी तिची लेक जयंती. इमारती निघाल्या तेव्हा अड्यारच्या पहिल्या इमारतीतलं पहिलं घर तिचं. तिरुवल्लिकेणीची गल्ली सुटली ती तेव्हा. सगळं भरभराटीला आलं. वर्तमानपत्रात मानाजीच्या मुलाचे, उदयसिंहाचे फोटो येऊ लागले, तो मंत्र्यांशेजारी बसू लागला, आणि मोठमोठी माणसं या भरभराटीची कारणं देऊ लागली: भांडवल, दूरदृष्टी, वेळ साधणं. ती पेपर घडी करून ठेवी आणि आपल्या तळव्याकडे बघे. तेवढंच तिचं होतं.

मग इस्पितळ निघालं. विडा उचलताना तिला ठाऊक नव्हतं, पुढं बांधकामावरची पाटी बघून कळलं, आणि ती घाबरली, कारण बोहणी खरी हवी म्हणजे घरातलं कुणीतरी खरंच आजारी हवं. गिरीधरला हर्नियाचा जुना त्रास होता. घाई अशी काही नव्हती, डॉक्टरही म्हणत होते बघू पुढं. तिनंच त्याच्यामागं टुमणं लावलं. तो गेला, त्याच दिवशी त्याला टेबलावर घेतलं, सगळं नीट झालं, उदयसिंह स्वतः फुलांचा गुच्छ घेऊन आला. गिरीधर घरी आला तो बरा होऊनच आला. पण तिला वाटत राहिलं की तो आपलं काहीतरी तिथं विसरून आला आहे. जेवताना मध्येच हात थांबायचा. स्कूटरची किल्ली हातात घेऊन दारात उभा राहायचा आणि परत येऊन बसायचा. काही वर्षांनी, झोपेत, कसल्याही आजाराशिवाय तो गेला. इस्पितळाच्या तोवर सात गावांत शाखा झाल्या होत्या. जयंती त्याआधीच परदेशी निघून गेली होती. मानाजीच्या शाळेनं तिला असं इंग्रजी दिलं की त्या इंग्रजीला हे शहर पुरेना. सुंदरीनं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दुपारी आडवी झाली की तिच्या मनात एक हिशेब आपोआप उलगडे: जे जे ती पहिल्यांदा विकत घेई ते ते मानाजीकडे वाढे, आणि तिच्याकडे तेवढंच कमी होई. अशा वेळी ती उठून हात धुवून येई.

आणि घरांचं ते. अड्यारचं तिचं घर इतकं शुभ ठरलं की पुढच्या सगळ्या इमारतींत मानाजीनं तीच घरं बांधली, भिंत तशी भिंत, कोनाडा तसा कोनाडा. एकदा ती तांबरमला एका ओळखीच्या बाईकडे हळदीकुंकवाला गेली होती. गिरीधर असतानाची गोष्ट. वीज गेली. बाकीच्या बायका जागच्या जागी चाचपडत राहिल्या आणि ती अंधारातून सरळ चालत स्वयंपाकघरात गेली, फडताळ उघडलं आणि काडेपेटी घेऊन आली. घरवालीनं विचारलं, आधी कधी आला होता का हो? ती म्हणाली, नाही. काडी पेटली तेव्हा समोर तिच्याच देवघराच्या कोनाड्यात दुसऱ्याचे देव बसले होते. त्यानंतर दुसऱ्याच्या घरी जायचं ती टाळू लागली. शहरभर हजारो बायका आपल्याच न्हाणीघरात न्हात आहेत, आपल्याच खिडकीशी उभ्या राहून वाट बघत आहेत, हा विचार तिला सोसत नसे.

गिरीधर गेल्यावर ताटं यायची बंद झाली. कुणी काही बोललं नाही. बोलतं कोण? कुंकू नसलेल्या बाईची बोहणी कोण घेणार? मोबाइलची दुकानं निघाली तेव्हा फीत कापायला सिनेमातली नटी आणली. तिनं दुकानातला फोन हातात धरला, फोटो काढून घेतले आणि तिथंच ठेवून गेली. हॉटेलांना दुसरी नटी आली. तिनं इडलीचा तुकडा ओठांपर्यंत नेला आणि लिपस्टिक बिघडेल म्हणून परत बशीत ठेवला. दोन्ही धंदे बुडाले. सुंदरीनं ती बातमी वाचली तेव्हा ती घरात एकटी होती, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता. खोट्या बोहण्या, ती भिंतीला म्हणाली. तिला मानाजीच्या घराचा राग होता तो अपमानाचा होता, हे तिला ठाऊक होतं. पण त्या रागाखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते वाट बघणं होतं. दारावरची घंटा वाजली की अजूनही तिचा उजवा हात आधी पुढं होई.

म्हणूनच परवा घंटा वाजली आणि दारात ताट घेऊन रम्या उभी राहिली, तेव्हा तिचं काळीज उचंबळून आलं. रम्या उदयसिंहाची मुलगी, परदेशात शिकून आलेली, आता समूहाचा निम्मा कारभार तिच्याकडे. तिचं मराठी आजोबांकडून ऐकून ऐकून आलेलं, मध्येच तमिळ, मध्येच इंग्रजी. ताटावरचं फडकं काढताना ती म्हणाली की ताता, म्हणजे आजोबा, आता नव्वदीचे झाले, कुणाशी बोलत नाहीत, पण परवा आपणहून म्हणाले, सुंदरीकडे जा. ताटात हळदकुंकू नव्हतं. गजरा नव्हता. पांढरं कापड होतं, तीळ होते, विडा होता. सुंदरीला ते जाणवलं आणि तिला पोरीचं कौतुक वाटलं. विधवेला कुंकू दाखवून दुखवायचं नाही, एवढी समज या वयात कुणाला असते! तिचे डोळे भरून आले. रम्या म्हणाली, हवं तर विचार करून सांगा आत्या. पण तिनं आधीच विडा उचलला होता. असा उचलला की पानाची शीर तुटली.

सिग्नलच्या त्या सकाळनंतर दुपारी दोन माणसं लिफ्ट मोजायला आली. इमारत जुनी झालीय, लिफ्ट बदलणार असतील, असं वॉचमनला वाटलं. त्यांनी लिफ्टची खोली मोजली, मग जिन्याचं वळण मोजलं, मग वर येऊन अगदी आदबीनं तिच्या दाराची रुंदी मोजली. त्यांतला एक दुसऱ्याला तमिळमध्ये म्हणाला की लिफ्टमध्ये आडवं मावणार नाही, जिन्यानंच न्यावं लागेल. काय न्यावं लागेल ते तो म्हणाला नाही. त्यांनी तिला नमस्कार केला, तिच्या चेहऱ्याकडे न बघता. संध्याकाळी रम्याचा फोन आला. समारंभ शुक्रवारी, साडेदहाच्या पुढं. सुंदरी म्हणाली, अगं शुक्रवारी त्या वेळी राहुकाळ असतो. चेन्नईत राहुकाळात माणसं रिक्षासुद्धा करत नाहीत, आणि मानाजी तर राहुकाळ टळेपर्यंत दुकानाचं कुलूप उघडत नसे. रम्या म्हणाली, "ठाऊक आहे आत्या. तातांनीच सांगिटलं. याला तोच टाइम बरा."

तिनं फोन ठेवला आणि तेव्हा तिला सगळं कळलं. खिडक्या नसलेली गाडी, पांढरं कापड, तीळ, आडवं न मावणारं काहीतरी. माणसाला पाळण्यापासून धरणारा मानाजी कुठं जाऊन थांबणार होता, हे गिरीधरनं तिला कधीच सांगितलं होतं. शहरात हल्ली म्हाताऱ्यांना पोचवायला माणसं नसतात, मुलं सातासमुद्रापार. तेव्हा गाडी, भटजी, लाकूड, अस्थी, सगळं एका फोनवर. धंदा चालणार यात शंका नव्हती. आणि कुंकू नव्हतं ते समजूतदारपणानं नव्हतं. या एका दुकानाला विधवेचाच हात हवा होता. ती खुर्चीत बसली. तिला आधी राग आला आणि मग भीती वाटली, खरी भीती, कारण तिसरी अट तिला पाठ होती. वस्तू त्याच दिवशी वापरात आली पाहिजे. तिला मरायचं नव्हतं. तिच्याकडे काही राहिलं नव्हतं, तरीसुद्धा मरायचं नव्हतं. सकाळची कॉफी होती, कीरैवालीशी घासाघीस होती, दिवेलागणीला येणारा जयंतीचा फोन होता.

तो आलाच. जयंती नेहमी एकच प्रश्न आधी विचारी, "अम्मा, कुठं आहेस?" आणि ती नेहमी म्हणे, कुठं असणार, घरी. त्या दिवशीही तिनं तेच उत्तर दिलं. पोरीला सांगावं असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण काय सांगणार? की मी परवा एक विडा उचलला? जयंतीला विडा म्हणजे काय तेही धड ठाऊक नव्हतं. ती हसली असती, म्हणाली असती जाऊ नको, सिंपल. आणि खरंच तसं सोपं होतं, कुणी तिला बांधून नेणार नव्हतं. देवापुढं ठेवलेला विडा दोन दिवसांत काळा पडला होता. तो परत नेऊन द्यावा असं ती शंभरदा ठरवी, आणि शंभरदा तिला त्या दोन नट्या आठवत. मग गुरुवारी, वांगी चिरताना, तिला एकदम सुचलं. हातगुण उजव्या हाताला असतो. आजवर एकही बोहणी तिनं डाव्या हातानं केली नव्हती. डाव्यानं कुणी भिकाऱ्यालासुद्धा पैसा देत नाही. नकार द्यायचा नाही, विडा मोडायचा नाही, फक्त रुपया डाव्या हातानं द्यायचा. बोहणी नासेल. नासलेल्या बोहणीला वापराची अट लागत नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं त्या वांग्याच्या भाजीत बऱ्याच दिवसांनी हिंग घातला.

शुक्रवारी तिला न्यायला साधी मोटार आली. नवी जागा तांबरमच्या पलीकडे होती, हवाईदलाच्या विमानतळाच्या कुंपणाजवळ, कडुनिंबाच्या झाडांत. पांढरी बैठी इमारत, फुलांच्या माळा नाहीत, लग्नकार्यात वाजतं ते नादस्वरम् नाही, पन्नास-साठ माणसं आणि त्यांच्यात कुजबुजसुद्धा नाही. वरून हवाईदलाचं विमान गेलं तेव्हा तेवढाच आवाज झाला. आत शिरताच तिला जाणवलं की डावीकडे खिडकी आहे, पुढं कोनाडा आहे, उजवीकडे फडताळ आहे. त्यांनी इथंसुद्धा तिचंच घर बांधलं होतं. तिच्या पलंगाच्या जागी स्टीलचा लांब ओटा होता. तिनं तिकडे पाहायचं टाळलं. मेजापलीकडे उदयसिंह हात जोडून उभा होता, त्याच्याशेजारी चाकांच्या खुर्चीत मानाजी. ओळखू न येण्याइतका आटला होता. पूर्वी हिंगाचे खडे फोडणारे ते हात मांडीवर वाळल्या शेंगांसारखे पडले होते. डोळे मिटलेले. रम्यानं हलक्या आवाजात विचारलं, पावतीवर नाव कुणाचं घालायचं आत्या? सगळे तिच्याकडे पाहू लागले, आणि त्यांच्या नजरेत काडीचीही दुष्टाई नव्हती. आदर होता, कृतज्ञता होती, म्हणूनच तिला जास्त धडकी भरली. माझं घाल, ती म्हणाली. नासणाऱ्या बोहणीत आपलं नाव घालायला काय जातं! तिनं उजवा हात पदरात गुंडाळून घेतला आणि डाव्या हातानं रुपया मेजावर ठेवला.

माणसांत एक शहारा सरकत गेला. उदयसिंहाचा चेहरा पांढराफटक पडला. कुणीतरी पुढं होऊन नाणं उचलू पाहत होतं, आणि तिला आतून आनंदाची उकळी फुटत होती, आयुष्यात पहिल्यांदा तिनं मानाजीच्या घराला काहीतरी दिलं नव्हतं. तेवढ्यात मानाजीनं डोळे उघडले. त्यानं तो रुपया पाहिला, तिचा डावा हात पाहिला, आणि त्याच्या बोळक्या तोंडावर ते जुनं, दुकानातलं, पाणी प्यायल्यानंतरचं हसू आलं.

"कुणी शिकिवलं नाही तिला, तरी बरोबर केली," तो म्हणाला. आवाज चिरकला होता, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "त्या वाटेचं सगळंच उलटं असतं. डावीकडनं फिराव, डाव्या हातानं द्याव. उजव्यानं दिली असती तर बोणी फुकट गेली असती. सुंदरी, तुझा हात कधी चुकला नाही." एवढं बोलून त्यानं डाव्याच हातानं रुपया उचलला आणि डोळ्यांना लावला. लोकांनी सोडलेला निःश्वास तिला आपल्या मानेवर जाणवला. मानाजीला कुणीतरी पाण्याचं भांडं दिलं. सकाळपासून त्यानं पाणी घेतलं नव्हतं.

ती तिथंच उभी राहिली. पळायला जागा नव्हती असं नाही, दार उघडं होतं. पण पाय तिचे नव्हते. रम्यानं तिला हाताला धरून बाजूला नेलं, आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. सुंदरीला कशाची भीती वाटतेय ते तिला समजलं होतं. "आत्या, घाबरू नका, प्लीज," ती म्हणाली. "मी सगळं वर्कआउट केलंय. वस्तू वापरायची म्हणजे काय, गाडीच ना? तुमी तिच्यात बसून घरी जा. राइड घेतली की यूज झालं. तातांना चालतंय, मी विचारलं." आणि सुंदरीला रडूच फुटलं, लहान मुलीसारखं, सुटकेचं रडू. एवढंच होतं तर. आधुनिक शिकलेली पोर. तिनं देवाची अट मोडली नाही आणि म्हातारीला मारलंही नाही.

बसायला पुढं जागा होती, पण तिथं फुलांच्या टोपल्या ठेवल्या होत्या, आणि मागं बसायची सोयच नव्हती. आत एक गादी होती, पांढरी, कोरी, आणि तिला पडून राहावं लागलं. दार लागलं. खिडकी नसल्यानं तांबरम कधी सुटलं, पूल कधी आला, काही कळेना. रस्ता नुसता पाठीखालून जात होता. गार होतं. गादी तिच्या स्वतःच्या गादीपेक्षा मऊ होती, हे तिनं नाइलाजानं कबूल केलं. मानाजीचा माल कधी खोटा नसे. बाहेर हॉर्नचा आवाज नव्हता. तिच्या लक्षात आलं की गाड्या या गाडीला वाट देत आहेत, सगळे सिग्नल तिच्यासाठी थांबत आहेत. उजव्या तळव्याचा वास घ्यायला तिनं हात नाकाशी नेला. वास नव्हता. तिनं दोनदा, तीनदा हुंगून पाहिलं. नुसती कातडी. जन्मभर बाळगलेलं ओझं कुणीतरी न सांगता काढून नेलं तशी ती भांबावली, आणि तिच्या ध्यानात आलं की ती आता गिरीधरची बायको नव्हती, कैरासीवाली राव अम्मा नव्हती, काहीच नव्हती. एक म्हातारी होती, आणि तिला घरी सोडणार होते.

गाडी थांबली. दार उघडलं आणि उजेड आत आला. ड्रायव्हर हात जोडून उभा होता, तोच, सिग्नलवरचा. "पाटी, वीडु वंदिडुच्चु," तो म्हणाला, आजी घर आलं. त्याच्यामागं वॉचमन टोपी काढून उभा होता, आणि तिसऱ्या मजल्यावरची सईबाई पदर तोंडाशी धरून, आणखी दोघंतिघं. ती हलली तशी सईबाई दचकून मागं सरली. आपण गेलो असं त्यांना वाटलं होतं हे तिला कळलं, आणि तिला उठून बसावंसं, त्यांना हसावंसं वाटलं. गुडघे ठीक होते. पाय खाली सोडायचा, एवढंच. वर फडताळात कॉफीची पूड होती.

पण तिचा पाय हलला नाही. फेरी, तिच्या मनात आलं. एक फेरी म्हणजे वापर झाला? ओठांपर्यंत नेऊन परत बशीत ठेवलेला इडलीचा तुकडा तिला आठवला, हातात धरून तिथंच ठेवलेला फोन आठवला. हिंग तिनं खाल्ला होता. स्कूटरवरून ती वाळूत पडली होती. गिरीधरला तिनं टेबलावर चढवलं होतं. त्याला चढवताना जी बाई फेरीवर भागवायला तयार नव्हती, ती आज स्वतःच्या वेळी भागवणार होती? कित्येक वर्षांनी तिला स्वतःचा अभिमान वाटत होता. या शहरात मानाजीचं जे जे उभं होतं, ते तिच्या हातानं खोटं कधी केलं नव्हतं.

"थांब जरा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "वापर अजून पुरा झाला नाही."

तिनं पदर पायांपर्यंत नीट ओढून घेतला, उजवा हात छातीवर ठेवला, त्यावर डावा ठेवला आणि डोळे मिटले. उशाशी ठेवलेल्या पर्समध्ये फोन वाजू लागला. खरं तर तिकडे अजून रात्र होती, पण जयंतीलाही कधीकधी झोप लागत नसे. ड्रायव्हर दाराची कडी हातात धरून उभा होता, आणि फोन उचलावा की नाही हे त्याला कळत नव्हतं.